झड उघडली की

वऱ्हाडात जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा म्हणजे झडीचे दिवस. आभाळ खाली येतं, उत्तरेचा सातपुडा दिसेनासा होतो, आणि चार-पाच दिवस, कधी आठ दिवस, पाऊस बारीक धरून राहतो. जोर नसतो, पण थांबतही नाही. परतवाड्याहून अंजनगाव सुर्जीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला आमचं वावर आहे. जमीन काळी, खोल, चिकण. झडीत तिच्यात पाय टाकला तर चप्पल तिथंच राहते आणि आपण पुढे जातो. भाजीवाल्यांना या दिवसांत एकच उद्योग उरतो, ओसरीत बसून वावरातल्या तणाचा विचार करणं. झड लागायच्या आधी वांग्याच्या दोन तासांमधली, म्हणजे ओळींमधली, जागा मोकळी होती. आता तिथं काय चाललं असेल, हे न बघताही ठाऊक असतं.

मग एकदाची उघाड पडते. पहिल्या दिवशी पाणी निथळतं, दुसऱ्या दिवशी वरचा थर पांढुरका दिसायला लागतो, आणि तिसऱ्या दिवशी, ऊन नीट पडलं तर, वाफसा येतो. माती मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचलं तर तो फुटतो, इतकीच ओल. आमच्या जमिनीत ही अवस्था दोन-तीन दिवस टिकते. नंतर ती कडक होते, भेगाळते, खुरपं मारलं की ठण्ण वाजतं. किंवा त्याच्या आतच पुन्हा पाऊस येतो. म्हणजे निंदणाला मिळतात ते हे दोन-तीन दिवस. आणि खरी पंचाईत अशी की गावातल्या सगळ्यांचा वाफसा एकाच सकाळी येतो. कपाशीवाला, सोयाबीनवाला, तूरवाला, मिरचीवाला, सगळ्यांना त्याच सकाळी बाया हव्या असतात.

तण नियंत्रणावर जे छापून येतं ते मी बरंच वाचलेलं आहे. माहेर अकोल्याचं, त्यामुळे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला लहानपणापासून जाणं-येणं. विद्यापीठ १९६९ सालचं, आणि तणांवर तिथं बरीच वर्षं पद्धतशीर काम चालू आहे. कोणत्या पिकाला कितव्या दिवशी निंदण, कोणत्या पिकाला कोणतं तणनाशक, एकरी खर्च किती, नुकसान किती, हे सगळं तक्त्यात मिळतं. विसाव्या दिवशी पहिलं निंदण, चाळिसाव्या दिवशी दुसरं. तक्ता बरोबरच आहे. फक्त विसाव्या दिवशी झड असते. भाजीच्या वावरात सगळ्यांत दुर्मीळ वस्तू पैसा नाही, पाणी नाही, मजूरही नाही. आत जाता येईल असा दिवस ही सगळ्यांत दुर्मीळ वस्तू आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. आच्छादन घ्या, खुरपं घ्या, डवरा घ्या, त्यातलं काय कधी वापरायचं याचा हिशेब मी या एकाच मापानं करते.

आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या बायांमध्ये एक मावशी आहेत. सासूबाईंच्या वेळेपासून येतात, म्हणून मला अजून सूनबाई म्हणतात. वाफसा आला की नाही याचा निकाल त्यांचा. सकाळी धुऱ्यावर उभ्या राहतात, एक तण धरून ओढतात, मुळाकडे बघतात. मुळाला मातीचं ढेकूळ लोंबत असेल तर म्हणतात, "सूनबाई, माती सोडून नाही रायली अजून. आज निंदलं तं तन कमी अन् वांगंच जास्त उपटाल." पाच-सहा बाया टोपली घेऊन उभ्या असतात, दिवस वाया जाणार असतो, त्यांचाही आणि माझाही. तरी त्या परत फिरतात. ओल्या काळ्या मातीत माणसं फिरली की ती दाबून बसते, आणि पुढं वाळली की त्या पावलांच्या जागी मूळ उतरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मावशी ते मुळाला चिकटलेल्या ढेकळावरून सांगतात, आणि नेमकं कोणत्या सकाळी ते लागू आहे हेही सांगतात.

खुरप्याचं काम लांबून बघणाऱ्याला एकच वाटतं, बसायचं आणि खरवडत पुढं सरकायचं. प्रत्यक्षात पातीवर बसलेली बाई क्षणाक्षणाला निवाडा करत असते. दोन-चार पानांचं तण असेल तर खुरपं मातीच्या कातडीखालून, जेमतेम अर्धा इंच, आडवं फिरवायचं. खोल गेलं तर खालचं नवं बी वर येऊन उजेड बघतं आणि आठ दिवसांत दुसरी फौज उभी. तण वीतभर झालं असेल तर खुरपं बाजूला ठेवून बुडाशी धरून सरळ वर ओढायचं. वांग्याच्या खोडाला लागून असेल तर डाव्या हाताच्या दोन बोटांनी वांग्याचं बूड दाबून धरायचं आणि उजव्यानं तण तिरकं काढायचं. उपटलेलं टाकायचं कुठं, हा पुढचा निवाडा. ऊन कडक असेल आणि तणाला अजून फूल नसेल तर मुळं वर करून तासातच पसरायचं, दुपारपर्यंत वाळतं आणि तेच मातीवरचं पांघरूण होतं. आभाळ असेल तर घोळ आणि केना यांना तासात ठेवायचं नाही. घोळीचा तुटका दांडा ढगाळ दिवसात आहे तिथंच मुळं धरतो. केन्याचं तर विचारूच नका. त्याची निळी फुलं वर दिसतात ती दिसतात, पण शिवाय मातीखालीही त्याला फुलं येतात आणि तिथल्या तिथं बी धरतं. वरून केना काढून वावर स्वच्छ केल्याचं समाधान मानणाऱ्याला तो खालून हसत असतो. म्हणून केना टोपल्यात भरून धुऱ्याबाहेर न्यायचा, एवढाच उपाय.

बियाचा विषय निघाला की मावशी एक वाक्य हमखास ऐकवतात, "फुलाच्या आंधी काढलं तं खत, फुलाच्या मांगं काढलं तं पेरनी." ही पेरणी किती वर्षं उगवत राहते ते बघायला अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली तणांचं बी वाळूत मिसळून बाटल्यांमध्ये भरलं आणि त्या बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची आणि बी उगवतं का बघायचं. बील गेले, त्यांच्यानंतरचे गेले, प्रयोग चालूच आहे. २०२१ साली उकरलेल्या बाटलीतलंही काही बी उगवलं. हे मी मावशींना सांगितलं. त्यांना नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बाटलीत कशाला भरायचं, म्हणाल्या, आपल्या बांधावर आहेच की.

ओळखण्याचं कौशल्य हा निंदणातला सगळ्यांत अवघड भाग. मेथीच्या वाफ्यात रानमेथी उगवते, कोवळेपणी दोघींची तीन-तीन पानं सारखी. पालकात चंदनबटवा, वांग्याच्या रोपात धोतरा आणि रिंगणी. गाजर गवताचं कोवळं रोप सांभारात, म्हणजे कोथिंबिरीत, बसलं की नवखी बाई त्याला सांभार समजून सोडते. हा नेहमीच योगायोग नसतो बरं का. निकोलाय व्हाविलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं मांडलेली कल्पना अशी की जे तण पिकासारखं दिसतं ते निंदणाऱ्याच्या नजरेतून सुटतं, त्याचं बी पडतं, आणि पिढ्यान् पिढ्या हे चाललं की तण पिकाचं सोंग घेऊन बसतं. भाताच्या बांधीतला सावा हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. आमच्या पूर्वेला भंडारा-गोंदियाकडच्या धानवाल्यांना लोंबी येईपर्यंत तो वेगळा काढता येत नाही. म्हणजे शेकडो वर्षांच्या निंदणाऱ्या बायांच्या नजरेनं तणांचं रूपच बदललं. शेतीच्या इतिहासात बायांच्या हाताची एवढी खोल खूण दुसरीकडे कुठं उमटली असेल, मला सांगता येणार नाही.

त्या खुणेवर नाव मात्र दुसऱ्याचं असतं. इंग्रज सरकारनं जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला हिंदुस्थानची शेती बघायला पाठवलं होतं. १८९३ साली त्याचा अहवाल निघाला. इथली वावरं किती निर्मळ असतात, तण कसं दिसत नाही, याचं त्यानं तोंडभरून कौतुक केलं. कौतुक जमा झालं शेतकऱ्याच्या खात्यावर. डवरा चालवणारा गडी आणि बैलजोडी चित्रात दिसते. तासात डवऱ्याची पास पोचत नाही ती झाडाबुडची जागा साफ करणारी बाई चित्राबाहेर.

डवऱ्याला मी कमी लेखत नाही. उलट आच्छादनाची गोष्ट त्याच्यापासूनच सुरू होते असं मला वाटतं. काळ्या मातीला भेगा पडतात आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते. डवऱ्याची पास वरची दोन बोटं माती भुसभुशीत करते, भेगा बुजतात, आणि ती कोरडी मातीच खालच्या ओलीवर झाकण घालते. तणही मरतं. नैसर्गिक शेतीचे सुभाष पाळेकर याला मृदाच्छादन म्हणतात. पाळेकर आमच्याच जिल्ह्यातले, बेलोऱ्याचे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीचे चार पाय: बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा. आच्छादनात ते मातीचं, काडीकचऱ्याचं आणि जिवंत पिकाचं असे तीन प्रकार सांगतात. त्यांचं ऐकून आलेली मंडळी आच्छादन तेवढं लक्षात ठेवतात, चौथा पाय वाफशाचा आहे हे विसरतात. आमच्या काळ्या जमिनीत जुलैत जाडजूड काडीकचरा पसरला की खालची माती वाफशावर येतच नाही. पाऊस थांबला तरी ओल कोंडून राहते, मिरचीची मुळं सडतात, टोमॅटोचं रोप बुडाशी काळं पडून लवतं. हलक्या, मुरमाड जमिनीतला माणूस हे ऐकून म्हणेल की तुमचं काहीतरी चुकतंय. त्याच्याकडे जुलैत आच्छादन टाकलेलं चालतं, कारण त्याचं पाणी खाली निघून जातं. आमचं जात नाही. त्यामुळे आमच्याकडचा क्रम असा: रोप गादीवाफ्यावर लावायचं, पहिलं निंदण उघड्या मातीत करायचं, आणि मघा नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या मध्यात, माती वाफशावर असताना कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, पसरायचं. झाडाच्या खोडापासून चार बोटं मोकळी सोडून.

कुटार सोयाबीनचं. वऱ्हाडात दुसरं एवढ्या मोलानं मिळतच नाही. पूर्वी ज्वारी होती तेव्हा कडबा, धसकटं होती. आता घरोघर सोयाबीन. गव्हांडा चांगला, पण ढोरांच्या तोंडचा काढून वांग्याला घालायचा म्हणजे जिवावर येतं. तुराट्या आणि पऱ्हाट्या जाड, त्या यंत्रातून बारीक केल्याशिवाय उपयोग नाही, आणि उधई ओढून आणतात. पऱ्हाटी बारीक करण्यात आणखी एक फायदा असा की तिच्यात लपलेली गुलाबी बोंडअळी मरते. पण ते यंत्र गावात वेळेवर मिळालं तर. कुटाराचा हिशेब मांडून बघा. एका एकरावर तण दाबण्याइतका थर द्यायचा तर किमान वीस क्विंटल लागतं. एकरी सहा-सात क्विंटल सोयाबीन झालं तर कुटारही साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त. म्हणजे एक एकर भाजी झाकायला तीन एकर सोयाबीनचं कुटार गेलं. आणि ते कुटार गेल्या दिवाळीचं, पावसाळ्यापर्यंत कोरडं ठेवलेलं हवं. सगळी भाजी कुटारानं झाकू म्हणणारा माणूस एक तर मोठा जमीनदार असतो, नाहीतर भाषण करणारा. मी वांग्याला आणि थोड्या मिरचीला घालते. बाकीचं उघडं.

शिवाय कुटाराबरोबर पाहुणे येतात. मळणीत राहिलेला सोयाबीनचा दाणा आठवड्याभरात उगवतो, तो पुन्हा हातानं काढा. ज्या वावरात तण माजलं होतं तिथलं कुटार असेल तर त्याच्यासोबत तिथलं बी तुमच्याकडे नांदायला येतं. वारा सुटला की थर उडतो, म्हणून पसरल्यावर एक हलकं पाणी द्यावं लागतं. पावसाळी हवेत दोन-अडीच महिन्यांत ते कुजून निम्मं होतं. कुजताना सुरुवातीला मातीतलं नत्रही ओढून घेतं, झाडं किंचित पिवळी दिसतात, तेव्हा शेणखताची स्लरी द्यायची. हे सगळं धरूनही मी कुटार घालते. मिळकत काय? तर सप्टेंबरात ऊन तापलं की उघड्या तासात माती फुटते आणि झाकलेल्या तासात ती हाताला मऊ लागते. तिथलं तुरळक तण तीन दिवसांनी काढलं काय आणि तेरा दिवसांनी काढलं काय, सहज निघतं. वाफशाचे दोन-तीन दिवस आठ-दहा दिवसांपर्यंत लांबतात. निंदण कुटारानं संपत नाही. ते थांबायला तयार होतं, इतकंच.

लव्हाळा मात्र कुणाच्याच ऐकण्यातला नाही. जगातल्या वाईट तणांची गणती करणारं एक जाडजूड पुस्तक १९७७ साली अमेरिकेत निघालं, त्यात याचा पहिला नंबर लावलेला आहे. जमिनीखाली त्याच्या गाठी माळेत ओवल्यासारख्या एकामागून एक. वरचा कोंब खुरप्यानं उडवला की खालची झोपलेली गाठ जागी होते. कुटारातून तो वर येतोच, पण प्लॅस्टिकचा कागदही सुईसारख्या टोकानं भोसकून बाहेर निघतो. आमच्याकडे एक उपाय थोडा चालतो तो वैशाखात. वखरपाळी घालून गाठी वर आणायच्या आणि उन्हात वाळू द्यायच्या. अकोला-अमरावतीचं मे महिन्याचं ऊन पंचेचाळिशी पार करतं, ते कुठंतरी कामाला यावं. इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून सूर्याच्या उष्णतेनं मातीतले रोग मारण्याची रीत मांडली. रोपवाटिकेच्या वाफ्यावर मीही उन्हाळ्यात महिनाभर तसं प्लॅस्टिक ताणते. घोळ, तांदुळजा, गवतं यांचं वरच्या थरातलं बी मरतं. खोलवरचा लव्हाळा बहुतेक वाचतो. त्याच्याशी निकालाची लढाई करायची नसते, दरवर्षी त्याला थोडं मागं रेटायचं असतं.

मल्चिंग पेपरबद्दल गावात दोन पक्ष आहेत आणि मी दोन्हीकडे जेवते. चार फूट रुंद, चारशे मीटरचा गुंडाळा, पंचवीस-तीस मायक्रॉन जाडी, एक बाजू काळी, एक रुपेरी. पाच फुटांवर गादीवाफे धरले तर एकराला सहा-सात गुंडाळे लागतात. काळ्या बाजूमुळे खाली उजेड जात नाही, तण पिवळं पडून मरतं. रुपेरी बाजूच्या चकाकीनं मावा आणि फुलकिडे बिचकतात. वरूडकडे, राजुरा बाजारच्या मिरचीच्या पट्ट्यात जाऊन बघा, अशा रुपेरी पट्ट्या दिसतील. सरकारी योजनेत ठरवून दिलेल्या खर्चाच्या निम्मं अनुदान मिळत आलं आहे. या सगळ्याचा मूळपुरुष केंटकी विद्यापीठाचा एमरी एमर्ट. काचघर परवडेना म्हणून १९४८ साली त्यानं काचेऐवजी प्लॅस्टिकचा पडदा वापरून बघितला, आणि नंतर तेच प्लॅस्टिक त्यानं जमिनीवर अंथरलं. गरजू माणसाच्या डोक्यातून निघालेली वस्तू आहे, हे मला आवडतं.

पेपर अंथरला की बाया लागत नाहीत, हे मात्र विकणाऱ्याचं बोलणं. प्रत्येक रोपासाठी भोक पाडलेलं असतं आणि त्या भोकातून रोपाला बिलगून तण येतं. ते काढायला खुरपं चालत नाही, पेपर फाटतो. बोटांनीच काढावं लागतं. दोन गादीवाफ्यांमधली नाली उघडीच असते, तिथं सगळी वस्ती हलते. आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलच्या उन्हात तो पेपर काढायचा. मातीत रुतलेला, ठिसूळ झालेला, हातात तुकडे येणारा. ते काम पुन्हा बायांचंच. ज्यांनी काढला नाही त्यांच्या धुऱ्यावरच्या बाभळीला वर्षभर रुपेरी चिंध्या लटकलेल्या दिसतात. माती लागलेला पेपर भंगारवाला घेत नाही, मग लोक पेटवून देतात. पेपरच्या खर्चाच्या कागदावर ही शेवटची मजुरी लिहिलेली मी कुठंच पाहिली नाही. मी मिरचीच्या एका तुकड्याला पेपर वापरते, पण तो दोन हंगाम टिकेल असा जाड घेते आणि काढायची मजुरी पहिल्याच दिवशी खर्चात धरते. मग तो तितकासा स्वस्त दिसत नाही.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. कपाशी-सोयाबीनवाल्यांचं मी समजू शकते. माझ्या वावरात एकाच वेळी वांगं, मिरची, सांभार, मेथी, पालक, कांदा असतो. कांद्याला जे चालतं त्यानं सांभार जळतो. ग्लायफोसेटवर तर २०२२ साली केंद्र सरकारनं निर्बंध घातले, ते प्रशिक्षित फवारणीवाल्यांनीच मारायचं असं ठरलं. गावात ते कोण बघतो हा वेगळा प्रश्न. मिश्र भाजीत फवारा घेऊन चालायला जागाच नसते.

गाजर गवताची गोष्ट निराळी आहे, कारण त्याला हात लावायचा की नाही इथूनच प्रश्न सुरू होतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत आलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याला खाणारा मेक्सिकोचा भुंगा १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडला. पावसाळ्यात तो पानांची जाळी करतो, पण भाजीच्या वावरात त्याच्या भरवशावर थांबता येत नाही. हे गवत उपटून उपटून बायांच्या हातांना, मानेला खाज सुटते, कातडी जाड होऊन भेगाळते. हातमोजे दिले तर घामानं हात भिजतात आणि बारीक तण चिमटीत येत नाही, म्हणून त्या काढून ठेवतात. शेवटी आम्ही असं ठरवलंय की गाजर गवत फुलावर येण्याआधी, वेगळ्या दिवशी, मोजे घालून फक्त तेवढंच काढायचं. त्या दिवशी खुरपं न्यायचंच नाही.

कॅलिफोर्नियातली एक हकिकत मला या निमित्तानं फार विचार करायला लावते. तिथल्या भाजीच्या शेतांत मजुरांना आखूड दांड्याची कुदळ देत. मजूर तिला स्पॅनिशमध्ये ‘एल कोर्तितो’, म्हणजे बुटकी, म्हणत. दिवसभर कमरेत वाकून काम. माणसांच्या पाठी कायमच्या गेल्या. मजुरांच्या वकिलांनी लढा दिला आणि १९७५ साली त्या कुदळीवर बंदी आली. मग काही मालकांनी कुदळ काढून घेतली आणि हातानं तण उपटायला लावलं. वाकणं तेच. २००४ साली त्यावरही निर्बंध आले, पण सेंद्रिय शेतीला त्यातून सूट मिळाली, कारण हातानं निंदल्याशिवाय तिचं चालत नाही. विषमुक्त भाजी खाणाऱ्याच्या ताटात कुणाची तरी कंबर असते, हे तिथल्या सरकारनं जणू कागदावर लिहून दिलं. आमच्याकडे उकिडवं बसून निंदतात. कमरेऐवजी गुडघे जातात. मावशींना आता बसलेलं उठताना हाताचा टेका लागतो. लांब दांड्याचा सायकल डवरा आणला, तो दोन तासांमधल्या मोकळ्या जागेत उत्तम चालतो, बायाही उभ्यानं चालवतात. पण झाडाबुडी बसावंच लागतं. तिथं कुटारच कामाला येतं. आच्छादनाचा सगळ्यांत मोठा फायदा तक्त्यात नसलेला हा असावा, की एका मोसमात बाईला किती वेळा उकिडवं बसावं लागतं ते कमी होतं.

निंदणाच्या दिवशी सगळं तण फेकलं जात नाही, हेही सांगायला हवं. दुपारी सुटताना प्रत्येकीच्या पदरात काही ना काही असतं. तांदुळजा, घोळ, कुंजर, मृगाच्या सुरुवातीला तरोट्याची कोवळी पानं, उन्हाळी पाण्याच्या वाफ्यात चिवळ. चिवळीची बेसन लावलेली भाजी वऱ्हाडात माहीत नसलेलं घर सापडणार नाही. अमरावतीच्या बाजारात चिवळ वाट्यानं विकायला येते आणि तिचा भाव कधी कधी मी पेरलेल्या पालकाच्या वर असतो. मी आता कांद्याच्या वरंब्यावरची चिवळ काढू देत नाही, ती तयार झाली की कापून बाजारात पाठवते. त्या पैशातला निम्मा वाटा बायांचा. ती त्यांनी ओळखली, त्यांनी राखली.

कांदा हे पीक या सगळ्या हिशेबाची परीक्षा बघतं. पात सरळ उभी, सावली पडत नाही, त्यामुळे पहिले दोन महिने तणाला उजेडाची कमतरता नसते. आच्छादन पसरायला दोन रोपांत जागा नाही. एकरी एका निंदणाला पंधरा-वीस बाया लागतात आणि वाफशाच्या सकाळी त्या मिळत नाहीत. मिळाल्या तर भाव चढलेला असतो. अडीचशेचा रोज तीनशेवर, आणि शेजारच्यानं बंडीऐवजी ऑटो पाठवला की आणखी वर. बायांना दोष देण्यात अर्थ नाही. झडीच्या आठ दिवसांत त्यांच्या घरात एक पैसा आलेला नसतो, तो भरून काढायला त्यांनाही हेच दोन-तीन दिवस मिळतात.

म्हणून यंदा पाच बायांशी मी मोसमाचं ठरवलं. जून ते ऑक्टोबर दर महिन्याला ठरावीक रक्कम, झड असो की उघाड. बदल्यात वाफशाच्या पहिल्या सकाळी त्या माझ्या कांद्यात आणि पालेभाजीत. कुटार घातलेली वांगी आठवडाभर थांबतात, तिथं त्या सवडीनं येतात, आणि मधल्या दिवसांत दुसऱ्यांकडे चढ्या भावानं जायला मोकळ्या. कुटारानं दिवस लांबवले नसते तर पाच बायांत हे जमलं नसतं. गावातल्या दोन-तीन जणांनी मला ऐकवलं की वयनी, तुम्ही बसून राहायचे पैसे द्यायला लागल्या, आता आमच्याकडेही मागतील. मागतीलच. मावशींनी तर माझ्याकडेच मागून ठेवलंय. निंदण ठरलं ते ठरलं, म्हणाल्या, पण कुटाराची बंडी रिकामी करून तासात पसरणं हे निंदण नाही, ते गड्याचं काम, त्याचा रोज वेगळा आणि गड्याएवढा. एप्रिलात पेपर काढायचा त्याचाही वेगळा. पहिली मागणी मी मान्य केली. दुसरीवर आमची घासाघीस चालू आहे, त्या रोजावर मोजा म्हणतात आणि मी गुंडाळ्यावर. तोवर मघा जवळ आल्यात, आणि कुटाराची गंजी अजून झाकलेलीच आहे.